रीळ बदलताना म्हटलेली गाणी

बाबा, त्या दुपारी तुम्ही जागे होतात. मला ते तेव्हाच कळलं होतं, आणि मला कळलंय हे तुम्हालाही कळलं होतं. त्यामुळे नवीन असं मला काही सांगायचं नाही. आपल्यात लपलेलं काही नव्हतं, फक्त बोलायचं राहिलं. आणि तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की ते बोलणंही माझ्या एकटीच्याच वाट्याला आलं. लिहायला बसले त्याला कारण माझ्या धाकट्या भावाची नात. दिवाळीला नागपूरहून इकडे सौंसरला आली आहे आणि कानात दोन पांढरी बोंडं घालून दिवसभर गाणी ऐकते. काल मी तिला म्हटलं, एवढं काय ऐकून राहिली? तिने एक बोंड काढून माझ्या कानात घातलं. कोणी मुलगा नुसत्या गिटारवर गात होता, अर्धं आपल्या बोलीत, अर्धं हिंदीत. भाड्याच्या खोलीत दोरीवर न वाळणाऱ्या कपड्यांचं गाणं होतं. "आजी, हा कोणत्याच कंपनीचा नाही. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतःच्या खोलीत बसून रेकॉर्ड करतो," ती म्हणाली. मग दुसऱ्या एकाचं लावलं आणि तोंड वाकडं केलं. "हा आधी फक्त मला अन् माझ्या दोन मैत्रिणींना माहीत होता. आता लग्नात वाजवून राहिले लोक. सारी मजा गेली." मी तिच्यावर अशी ओरडले की आतून सूनबाई पोळपाट टाकून धावत आली. त्याची गाणी कोणी ऐकूच नयेत का, तू कोण लागून गेलीस त्याची, असं काहीबाही बोलले. पोरगी घाबरली नाही, तुमच्यासारखीच आहे. "अवं आजी, गंमत करून राहिली ना मी," म्हणाली आणि बोंड परत स्वतःच्या कानात घातलं.

मी सिनेमाची वेडी होते, हे आज इथे कोणाला सांगितलं तर हसतील. पुढे मी शिकवत होते त्या शाळेत पोरी माझ्यामागे मला काय काय म्हणायच्या ते मला माहीत आहे. त्यात सिनेमाचा वास कुठेच नव्हता. पण लहानपणी माझ्या दप्तरात धड्यांच्या पुस्तकांपेक्षा गाण्यांच्या चोपड्या जास्त असायच्या. सिनेमाच्या तंबूवरच्या भोंग्यातून रेकॉर्ड सुरू झाली की पहिल्या दोन सुरांत मी गाणं ओळखायची. कोणत्या नटीने कोणत्या सिनेमात कशी वेणी घातली हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. वर्गात ऑपरेटरची पोरगी म्हणून माझा रुबाब होता. पुढच्या आठवड्यात कोणता सिनेमा लागणार हे शाळेच्या हेडमास्तरांच्या बायकोलाही माझ्याकडूनच कळायचं. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास तुम्ही नागपूरच्या थिएटरातली मदतनिसाची नोकरी सोडून सेठच्या तंबूत आलात. पावसाळा सोडला तर तंबू कायम उभा असायचा, काही महिने पांढुर्ण्याला, काही महिने आपल्या सौंसरला. मोठ्या थिएटरात दोन मशीनं असतात. एकावरचं रीळ संपलं की दुसरं सुरू होतं आणि बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. तंबूत मशीन एकच होतं. रीळ संपलं की पडदा काळा, मध्ये टांगलेला दिवा लागायचा, कनातीच्या अलीकडे बाया पोरांना पाजायला घ्यायच्या, पलीकडे पुरुष बिड्या पेटवायचे, आणि शिट्ट्या सुरू. त्या शिट्ट्या थांबवायला तुम्ही माईक तोंडापाशी ओढून गायचात. हात मशीनमध्ये, तोंड माईकपाशी. दुसरा कोणी असता तर त्याने सिनेमातलंच एखादं म्हटलं असतं. तुम्ही स्वतःचं म्हणायचात.

मला ते अजिबात आवडायचं नाही. नायिका विष पिणार की नाही यावर माझा जीव टांगलेला असायचा आणि मध्येच तुमचा घोगरा आवाज, "थांबा रे बाप्पा, पट्टी तुटली, घरचं कोणी मेलं नाही." लोक हसायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग एका शनिवारी मी मोटारीने पांढुर्ण्याला आले होते आणि तुम्ही मला पत्र्याच्या केबिनमध्ये मशीनपाशी बसवलं होतं. पडद्यावर राजा मरत होता, मी रडत होते. रीळ संपलं. तुम्ही भोकातून खाली बायांच्या बाजूला पाहिलं, जरा हसलात, आणि गायला लागलात.

सावरगावची वहिनी आली, मांडीवर घेऊन तान्हं,
पडद्यावरती राजा मेला, इले लागलं पेंगणं.
नका रे कोणी उठवू तिले, कापूस वेचला दिसभर तिनं,
राजा त काय, उद्याही मरते, वहिनी, घे तू झोपून.

मी भोकाला डोळा लावला. खरंच एक बाई खांबाला टेकून झोपली होती, तोंड उघडं, मांडीवर मूल. जाम नदीपलीकडून चालत आली असणार. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण एकीनेही तिला हलवलं नाही. शिट्ट्या बंद झाल्या. कोणी पुरुष पलीकडून ओरडला, "झोपू द्या रे वहिनीले!" आणि मग रीळ सुरू झालं, पण माझं रडू पुन्हा काही आलं नाही. राजा मला एकदम रंग लावलेला दिसायला लागला. त्या दिवसापासून मी सिनेमा पाहायची ती रीळ संपण्याची वाट पाहत.

मग घरी आपलं सुरू झालं. दुपारी झोपून उठलात की तुम्ही फिल्मच्या तुटलेल्या पट्ट्या जोडायला बसायचात. ब्लेडने कडा खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, अंगठ्याने दाबून धरायचं. त्या उग्र वासात, अंगठा दाबलेला असेपर्यंत, तुम्ही नवीन कडवं म्हणायचात आणि माझ्याकडे न बघता विचारायचात, "कसं वाटते वं?" मी सांगायची, दुसरी ओळ जड जाते. "मंग तूच हलकी कर." मी एखादा शब्द सुचवायची, तुम्ही तो तोंडात घोळवून पाहायचात, कधी ठेवायचात, बहुतेक वेळा टाकून द्यायचात. आई चुलीपासून म्हणायची, "बाप-लेकीले धंदा नाही. सेठ पट्टी जोडाले ठेवते, गाणं जोडाले नाही." तुम्ही म्हणायचात, "पट्टी तुटते म्हणून त गाणं हाय." तंबूतले लोक ती गाणी ऐकत आणि बाहेर पडताना सिनेमातली गुणगुणत जात. त्यांच्या लेखी तुमचं गाणं ही रीळ बदलेपर्यंतची सोय होती. लक्षात ठेवणारी मी एकटी. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला ते फार आवडायचं.

राज्यं बदलणार होती त्या वर्षी दसऱ्यानंतर तंबू आधी सौंसरला लागला. बाजारात, दवाखान्यात, शाळेत तोच विषय: नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार, आपण मध्य प्रदेशात राहणार, मराठी शाळेचं काय होणार. तुम्ही त्यात पडला नाहीत, तुमच्यापुढे वेगळंच संकट होतं. ठरलेल्या सिनेमाच्या पेट्या आल्याच नाहीत, त्यांच्याऐवजी भलत्याच आल्या. सेठ आपल्या दारात उभे राहून तुम्हाला विचारत होते, ते मी भाजी निवडत ऐकत होते.

"गाणे किती हायेत?"

"एकही नाही."

"एकही नाही? मंग हाय काय त्याच्यात?"

"एक म्हातारा हाय. एक विहीर हाय."

"मारामारी?"

"विहीर आटते."

सेठनी कपाळावर हात मारला. पण दुसरा सिनेमा नव्हता आणि दिवाळीच्या आधीचा बाजारचा दिवस होता, गाड्या भरून लोक आले होते. सिनेमा लागला. म्हातारा दोर सोडायचा, बादली खाली आपटण्याचा आवाज ऐकायचा, दोर ओढायचा. लोकांनी थोडा वेळ धीर धरला, मग सुरू झाले. "अरे, दुसरी विहीर खोद रे बुढ्या!" "ऑपरेटर, तू झोपला का तो झोपला?" "रामाकोन्यावरून एवढ्यासाठी बैल जुंपले काय?" मी केबिनमध्ये तुमच्याजवळ होते आणि मला हलता येत नव्हतं. असाही सिनेमा असतो हे मला ठाऊक नव्हतं. त्यात कोणी सुंदर नव्हतं, कोणी रडत नव्हतं, आणि तरी बादली आपटली की मी पुढच्या आपटण्याची वाट पाहत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "पाह्य. कोणी गात नाही, पण चाल हाय." लोकांना बसवून ठेवण्याचं काम त्या संध्याकाळी तुमच्या गाण्यांवर आलं. प्रत्येक रिळानंतर तुम्ही गायलात, नेहमीपेक्षा लांब, झोपलेल्या वहिनीचं तर दोनदा. लोक गेले नाहीत ते सिनेमासाठी नाही, हे मी पैजेवर सांगते. आणि पुढच्या खुर्च्यांवर चष्मा लावलेला एक शहरी माणूस होता, तो म्हाताऱ्याकडेही टक लावून बघत होता आणि तुम्ही गायला लागलात की मान वळवून केबिनकडेही.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आला. आई नदीवर कपडे घेऊन गेली होती. तुम्ही आतल्या खोलीत चटईवर, डोळ्यांवर दुपट्टा घेऊन. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"बाळ, ऑपरेटर इथेच राहतात का?"

"हो. झोपलेत."

त्याने सांगितलं की तो नागपूरच्या रेडिओवर असतो, या भागात गाणारी माणसं शोधत फिरतो आहे. "जुनी गाणी गोळा करणारे आमच्याकडे बरेच आहेत," तो म्हणाला. "मला स्वतः गाणी करणारा माणूस पाहिजे. काल म्हणत होते ती त्यांची स्वतःची ना?"

उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही, बाबा. ते तयारच होतं. "नाही. जुनीच आहेत. बाया म्हणतात जात्यावर."

तो हसला. "जात्यावर? पडद्यावरचा राजा मेला असं?"

"तेवढं कोणी मध्ये घातलं असेल."

तो हसायचा थांबला. मला वाटतं तेव्हा त्याला कळलं की मी खोटं बोलते आहे, फक्त का ते कळलं नाही. "हे बघ, पुढच्या महिन्यात राज्यं बदलतात. मग हा भाग आमच्याकडे राहील की नाही कोणास ठाऊक. आज माझ्याबरोबर आले तर मी उद्या त्यांचा आवाज घेतो. उठवतेस का?"

"रात्रीचं काम असतं त्यांना. उठवू नका."

"बरं. मी मोटारस्टँडवर आहे, गाडी सुटेपर्यंत. उठले की पाठव."

तो गेला. मी आत पाहिलं. तुम्ही रोज दुपारी घोरायचात. भिंतीपलीकडची काकू त्यावरून आईला चिडवायची की तुझ्या घरी दिवसाही सिनेमाचं इंजिन चालते. त्या दुपारी खोलीत कसलाही आवाज नव्हता. दुपट्टा डोळ्यांवर, हात छातीवर, आणि श्वास जपून घेतलेला. मी परत उंबऱ्यात येऊन बसले. स्टँड आपल्या घरापासून काही लांब नव्हता. संत्र्यांची गाडी समोरून गेली, तिची चाकं बराच वेळ ऐकू येत राहिली. मग मोटारीचा भोंगा वाजला, दोनदा. त्यानंतर तुम्ही उठलात, तोंड धुतलंत, चहा टाक म्हणालात. चहा बशीत ओतलात.

"नागपूरची गाडी गेली काय वं?"

"गेली असन."

"हाव."

एवढंच. आपल्यात त्याबद्दल झालेलं सगळं बोलणं हेच. मी तुमच्या तोंडाकडे पाहिलं नाही, म्हणून तुमचा चेहरा कसा होता ते मला आजही माहीत नाही. त्या संध्याकाळी ठरलेला सिनेमा आला, तलवारी होत्या, भरपूर गाणी होती. पहिलं रीळ संपलं. मी केबिनमध्ये होते. तुम्ही माईक ओढला नाहीत. सुई उचलून रेकॉर्डवर ठेवलीत, सगळ्यांना पाठ असलेलं सिनेमाचं गाणं. तंबूतून कोणीतरी ओरडलं, "वा उस्ताद! आता कसं!" आणि तुम्ही मान हलवून हसलात. त्यानंतर तुम्ही तंबूत स्वतःचं गायला नाहीत. घरी पट्ट्या जोडताना अंगठा दाबून गप्प बसायचात. "कसं वाटते वं" हे मला पुन्हा कधी ऐकायला मिळालं नाही.

सबबी मी पुष्कळ जमवल्या. लहान होते. तुम्ही नागपूरला गेलात तर परत येणार नाही अशी भीती होती, आणि त्यात आता नागपूर दुसऱ्या राज्याचं होणार म्हणजे तर समुद्रापलीकडेच जाणार असं मला वाटायचं. मैत्रिणींसमोर ऑपरेटर चालायचा, गाणारा बाप चालला नसता. हे सगळं थोडं थोडं खरं आहे आणि मी यातलं एकही मानत नाही. शिक्षिका म्हणून मी इतक्या सबबी ऐकल्या आहेत की मला वास येतो. खरी गोष्ट एवढीच की तुम्ही माझे होतात. तुम्ही मला सापडला होतात, बाकी कोणाला नाही, आणि रेडिओवर गेलात की गावागावांतल्या हॉटेलांत लोक भजी खात तुम्हाला ऐकणार होते. मला ते सहन झालं नाही.

आणि लहान होते हे तर अजिबात चालणार नाही, कारण पुढे तुम्हीच मला नागपूरच्या कॉलेजात पाठवलंत. आई नको म्हणत होती, सेठ हसत होते, इथल्या शाळेत तोपर्यंत हिंदी सुरू झालेलं होतं. तुम्ही म्हणालात, "तिले मराठीतच शिकू द्या, दूर पडलं तरी." त्या कॉलेजच्या वाटेवर रेडिओची इमारत होती. पदवी मिळेपर्यंत मी रोज तिच्यासमोरून गेले. फक्त आत जाऊन एका चष्मेवाल्या माणसाची चौकशी करायची होती आणि म्हणायचं होतं, साहेब, ती गाणी माझ्या वडिलांचीच होती. दार दिवसभर उघडं असायचं. एकदाही पायरी चढले नाही. सुट्टीत घरी आले तोवर पांढुर्ण्याला पक्कं थिएटर झालं होतं, तुम्ही तिथे लागला होतात, आणि तिथे मशीनं दोन होती. एक रीळ संपलं की दुसरं आपोआप. लोक म्हणायचे, आता कशी मजा, मध्ये खंड पडत नाही.

पण तुम्ही का उठला नाहीत? हा प्रश्न मी तुमच्यावर रागावून पुष्कळदा विचारला आहे. दार पाच पावलांवर होतं. गाणी तुमची होती. पोरीला बाजूला करून, "साहेब, थांबा" म्हणायचं होतं. भीती वाटली का? की मी म्हणते म्हणून ती खरोखरच बिनकिमतीची वाटली? खूप वर्षांनी, मी मुख्याध्यापिका झाल्यावर, एका दुपारी पेपर तपासताना मला ते कळलं आणि मी पेन खाली ठेवलं. तुम्ही नेहमी जे करायचात तेच करत होतात. माझ्याकडे न बघता मला विचारत होतात, कसं वाटते. आणि मी निकाल दिला, परक्या माणसासमोर, मोठ्याने: ही यांची नाहीत.

माझ्या शाळेत एक नियम होता, त्यावरून माझी पुष्कळ टिंगल झाली. स्नेहसंमेलनात कोणीही कोणतंही गाणं म्हणावं, हिंदी, मराठी, सिनेमाचंही. पण आधी ते कोणी लिहिलं आणि चाल कोणाची ते सांगायचं. माहीत नसेल तर खाली बसायचं. तालमीच्या वेळी पोरी रडायच्या, मास्तर लोक वैतागायचे. "बाईंचं काहीतरीच," म्हणायचे. कधी एखादी पोरगी उभी राहून पुटपुटायची, "मीच केलं." मग मी मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, कारण पुढे बसून मला ते ऐकवत नसे. छान झालं असं मी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. मला ते जमायचं नाही. मी फक्त नाव नीट घ्यायला लावलं.

आज सकाळी नात पुन्हा आली. कालचं मनात ठेवलं नव्हतं. शेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तू कोणाची फॅन होती वं?" तो "वं" तुमचाच होता, मला राहवलं नाही. मी म्हटलं, फोन ठेव समोर आणि ते काय दाबायचं ते दाब. तिला आधी बोलायला लावलं: शब्द आणि चाल कोणाची, तुमचं नाव, वडिलांच्या नावासकट, गाव सौंसर, काम सिनेमा ऑपरेटर. मग म्हटलं. माझा आवाज आता फुटलेल्या तव्यासारखा आहे, पण चाल मी सोडली नाही. राजा उद्याही मरते, तिथे ती खदखदून हसली, आणि मग माझ्या हातावर हात ठेवला. वहिनीचं सगळं दिलं. बुरशी लागलेल्या कापसाचं दिलं, सेठच्या टोपीचं दिलं, पट्टी तुटल्याचं दिलं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात रोज म्हणत होते, म्हणून एक शब्द गेला नव्हता. ती म्हणाली, हे मी माझ्या साऱ्या मैत्रिणींना पाठवते. मी म्हटलं, पाठव. आणि सांगते, बाबा, ते म्हणताना मला आनंद झाला नाही, दाढ उपटल्यासारखं झालं. पण म्हटलं पाठव.

मग तिने विचारलं, "वहिनीच्या गाण्याचं आणखी आहे काही पुढे?"

तो माणूस आला त्याच सकाळी तुम्ही वहिनीच्या गाण्याला एक कडवं जोडलं होतं. तंबूतून उशिरा आलेले, झोपायच्या आधी, आई आंघोळीला गेली असताना. ते तुम्ही तंबूत कधी म्हटलं नाहीत, तशी वेळच आली नाही. त्यात वहिनीच्या मांडीवरचं तान्हं जागं असतं, आणि ते तान्हं म्हणजे मीच, हे तुम्ही न सांगता मला कळलं होतं. तुम्हाला ते कडवं ठाऊक आहे, इथेही लिहीत नाही.

मी तिला म्हटलं, नाही, एवढंच.